लाल टोपी कुठली?

लिफ्टमिस्त्री निवृत्त झाला तेव्हा शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्यानं इतक्यांदा बाहेर काढली होती, की रस्त्यात भलताच कुणीतरी थांबून त्याला नमस्कार करायचा आणि हा कोण ते त्याला आठवायचं नाही. बिघडलेली वस्तू दुसऱ्याकडे दुरुस्तीला द्यायची म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे. घरातला पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांच्या दाराच्या घंटा, सगळं तोच उघडायचा आणि तोच बसवायचा.

त्याची बायको कापडाच्या एका मोठ्या दुकानात माल परत घेण्याच्या खिडकीवर होती. तिथं तिनं सत्तावीस वर्षं काढली. गिऱ्हाईक तावातावानं यायचं, ती बोलायला लागायची, आणि दहा मिनिटांनी ते गिऱ्हाईक परत करायला आणलेलं कापड काखोटीला मारून हसत घरी जायचं. मालक म्हणायचा, "बाईंच्या जिभेवर माझं दुकान चाललंय."

हिवाळा सरता सरता एका सकाळी ती न्हाणीघरात पडली. मेंदूतली रक्ताची गुठळी. पंधरा दिवसांनी घरी आली तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळे होते आणि तोंडात दोनच शब्द उरले होते: "तेच ते."

चहा हवा का? तेच ते. कुठं दुखतंय? तेच ते. मुलीचा फोन आला की फोन कानाला लावून ती हुंदके देत म्हणायची, "तेच ते, तेच ते," आणि पलीकडून मुलगी म्हणायची, "हो आई, हो."

डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले सहा महिने हातचे घालवू नका. परत यायचं ते बहुतेक याच दिवसांत येतं."

वाचा परत आणण्याचं शिक्षण देणारं एक केंद्र होतं. तिथल्या मॅडम दर सोमवारी लॅपटॉपवर दिसायच्या. जागा मोजक्या आणि रांग लांबलचक. यांचा नंबर लागला तो नशिबानं. मॅडमची पद्धत सरळ होती. आठवड्याचे चित्रांचे कागद त्या पाठवणार, घरी ते रंगीत छापायचे, रोज एक सूचना वाचून दाखवायची आणि बायकोनं डाव्या हातानं बरोबर चित्राभोवती गोल करायचा. शनिवारी ते कागद स्कॅन करून परत पाठवायचे. "स्कॅन काळं-पांढरंच करा काका," मॅडमनी बजावलं, "रंगीत फाइल फार जड होते, आमच्याकडे उघडत नाही. आणि त्यांना मदत करू नका हं. चुकल्या तरी चुकू द्या. मला खरं दिसलं पाहिजे."

"मी खोटा रिपोर्ट आयुष्यात दिला नाही," मिस्त्री म्हणाला.

छपाईचं यंत्र घरात होतं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा कपाटावर ठेवून गेलेली. ते छापायचं, स्कॅन करायचं, झेरॉक्स काढायचं. "तिन्ही कामं येतात आणि एकही धड येत नाही, असा आमच्याकडे एक सुपरवायझर होता," मिस्त्री ते खाली उतरवताना बायकोला म्हणाला. तिच्या डाव्या गालावर हसू उमटलं. त्या दिवशी त्याला वाटलं, निभेल हे.

पहिला आठवडा निभला. दुसऱ्या आठवड्यात यंत्र म्हणायला लागलं, कागद अडकलाय. आत कागदाचं चिटोरंही नव्हतं. मिस्त्रीनं मागचं झाकण काढलं, बॅटरी मारून पाहिलं, रबरी रोलर ओल्या फडक्यानं पुसले, एका सुळसुळीत रुळावर वंगणाचा थेंब सोडला. चाललं. तिसऱ्या आठवड्यात ते लॅपटॉपला ओळखच देईना. मुलगी फोनवरून सांगायची, "बाबा, बंद करून चालू करा. नाही, भिंतीवरचं बटण. आता सेटिंगमध्ये जा. काय दिसतंय?"

"तुझं नाव दिसतंय."

"त्याच्या खाली?"

"खाली पण तुझंच नाव दिसतंय. तीनदा. त्यातल्या दोघी ऑफलाइन आहेत."

इतक्या लांबून उंटावरून शेळ्या हाकून मुलीच्याही नाकी नऊ आले. शेवटी त्यानं एक केबल जोडून तो प्रश्न मिटवला.

चौथ्या आठवड्यात चित्रांवर पट्टे यायला लागले. आता सूचना दोन शब्दांच्या झाल्या होत्या: लाल टोपी, पिवळी टोपी, निळी वाटी. यंत्राच्या पोटात एक सोय होती, शाईची तोंडं आतल्या आत धुऊन काढायची. मिस्त्रीनं ती वापरली. पट्टे कमी झाले. पुन्हा वापरली. आणखी कमी झाले. लिफ्टच्या कामात त्याचा एक नियम होता की एका उपायानं गुण येत असेल तर तोच उपाय पुरा करावा. दिवसातून चारदा, पाचदा तो धुण्याचं बटण दाबायचा. यंत्र घुं-घुं करायचं, खोकायचं, थांबायचं. शेवटी पट्टे गेले. कागद स्वच्छ आला.

म्हणजे त्याला स्वच्छ दिसला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण तेवढ्यात बायको पडली आणि ते राहून गेलं. त्याला पांढरा कागदही चहा सांडल्यासारखा दिसायचा. कुठलं चित्र कुठल्या रंगाचं, हे तो लॅपटॉपच्या पडद्याजवळ नाक नेऊन आधी पाहून ठेवायचा: लाल टोपी वर डावीकडे, पिवळी खाली उजवीकडे. मग कागद घेऊन बायकोसमोर बसायचा.

"लाल टोपी कुठली?"

बायको कागद पाहायची. पुन्हा पाहायची. मग मान हलवायची. नाही.

"अगं, लाल. लाल टोपी. नीट बघ."

"तेच ते," ती म्हणायची आणि मान हलवायची.

"बरं, पिवळी टोपी?"

ती एका टोपीभोवती गोल करायची. थांबून दुसरीभोवतीही गोल करायची.

"दोन्ही कशा असतील? एकच करायचा!"

पहिल्या आठवड्याचे सगळे कागद बरोबर करणारी बाई अशी कोसळत चाललेली तो रोज पाहत होता. लाल चेंडू, नाही. लाल बादली, नाही. पिवळी बादली, दोन्ही. तिला कळत होतं तेही जात चाललं, असं त्यानं मनात धरलं, आणि भ्यालेला माणूस जसा चिडतो तसा तो चिडायला लागला. एका दुपारी त्यानं तिचं मनगट धरलं आणि बोट ओढत वरच्या डावीकडच्या टोपीवर नेऊन दाबलं. "ही! ही लाल! म्हण, लाल!"

तिनं हात हिसकून घेतला आणि पेन्सिल फेकली. पेन्सिल कपाटाखाली गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती जीव तोडून सांगत होती, "तेच ते! तेच ते! तेच ते!"

तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं येऊन त्यानं गुडघ्यावर बसून पेन्सिल काढली. पण त्या दिवशीचा कागद त्यानं तिनं केला होता तसाच स्कॅन केला. खोटा रिपोर्ट द्यायचा नव्हता.

असे चार शनिवार गेले.

आठव्या आठवड्याच्या बुधवारी त्यानं छपाईचं बटण दाबलं आणि यंत्राचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. पडद्यावर लिहून आलं, की वाया गेलेली शाई शोषून घेणारा स्पंज भरला आहे, यंत्राचं आयुष्य संपलं आहे, कंपनीच्या माणसाला बोलवा. त्यानं मुलीला फोन लावला. तिनं शोधून सांगितलं, "बाबा, आतली तोंडं धुताना जी शाई जाते ती खाली एका स्पंजमध्ये साठते. तो भरला की ते स्वतःला कुलूपच लावून घेतं. तुम्ही किती वेळा धुतलंत?"

त्याला आकडा सांगवेना. "झालं असेल शंभरदा."

"अहो बाबा..."

"मग स्कॅन तरी करू दे त्याला! स्कॅनला शाई कशाला लागते?"

"नाही करत. एक बंद म्हणजे सगळं बंद."

त्यानं यंत्र उघडलंच. तळाशी खरंच एक स्पंज होता, काळाकुट्ट, साचलेल्या गटारासारखा. त्यानं तो काढून बादलीत पिळला. काळं-निळं-तांबडं पाणी निघालं. उन्हात वाळवून परत बसवला. यंत्राला ते पटलं नाही. त्याला स्पंज दिसत नव्हताच, ते नुसतं मोजत होतं, किती वेळा धुतलं ते. मिस्त्रीनं शनिवार उलटून जाईपर्यंत झटापट केली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्रापुढे हात टेकले.

छपाईचं दुकान दोन स्टॉप लांब. बायकोला एकटं सोडायची सोय नव्हती. एकदा तो वीस मिनिटं खाली गेला होता तेव्हा ती उठायला जाऊन पडली होती. समोरच्या घरात एक बाई राहायच्या, ग्रंथालयात कामाला. त्यांनी मागंच म्हटलं होतं, "काका, आमच्याकडे छापून आणू का?" तेव्हा हा ऐटीत म्हणाला होता, "चौदा मजल्यांच्या लिफ्ट चालू केल्यात मी." आता त्यानं त्यांचं दार वाजवलं आणि पेन ड्राइव्ह पुढं केला. त्या तो घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपालबाई कागद घेऊन आल्या आणि बायकोपाशी बसल्या. मिस्त्रीनं सवयीनं कागद पुढं ठेवला. विचारतानाच त्याचा आवाज दमलेला होता.

"लाल टोपी कुठली?"

बायकोनं कागदाकडं पाहिलं आणि गोल केला. वर डावीकडे.

तो लॅपटॉपकडं वळला, पडद्याला नाक लावलं, परत आला. "पिवळी टोपी?" गोल. एकच. "लाल बादली? निळी वाटी?" दहाच्या दहा. डाव्या हाताचे गोल वेडेवाकडे होते, पण एकही चुकला नाही. मिस्त्री हसायला लागला. "ताई, बघितलंत? आलं! परत आलं! कालपर्यंत एक जमत नव्हतं हो!"

ग्रंथपालबाईंनी टेबलावरची फाइल ओढली. मागच्या चार आठवड्यांचे कागद होते त्यात. त्या एकेक उलटायला लागल्या. तिसऱ्या कागदावर थांबल्या.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "यात लाल आहेच कुठं?"

"म्हणजे?"

"दोन्ही टोप्या पिवळ्याच आल्यात. दोन्ही बादल्यासुद्धा. तुमच्या प्रिंटरची लाल शाई येतच नव्हती."

त्यानं कागद हातात घेतला. खिडकीपाशी नेला, डोळ्यांना लावला. त्याला दोन मळकट टोप्या दिसत होत्या, एक जरा इकडं, एक जरा तिकडं. त्यानं फाइलीतला एक अन् एक कागद पाहिला. पट्टे गेले होते ते धुता धुता लाल शाईच संपल्यानं. लाल कुठली म्हटल्यावर ती नाही म्हणत होती, कारण लाल नव्हती. पिवळी कुठली म्हटल्यावर दोन दाखवत होती, कारण दोन होत्या.

"मॅडमना कसं नाही कळलं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"त्यांना काळं-पांढरं जायचं," तो म्हणाला.

त्यानं तिथल्या तिथं मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "अरे देवा" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काका, मी आज सकाळीच तुम्हाला मेल केलाय. चार आठवडे समज उतरतच चालली होती. गेल्या हप्त्याचे कागदही आले नाहीत. आमच्या समितीनं ठरवलं की आत्ता या पद्धतीचा काकूंना उपयोग नाही. जागा पुढच्या पेशंटला दिली. त्यांनी आजपासून सुरूही केलं."

"पण तिला सगळं येतंय. आत्ता, आत्ता दहापैकी दहा..."

"मी नाव परत रांगेत घालते. स्वतः घालते. पण चार महिने तरी लागतील."

"चार महिन्यांनी सहा महिने होऊन जातात मॅडम."

"मला माहीत आहे, काका."

ग्रंथपालबाई निघताना म्हणाल्या, "मी दर आठवड्याला छापून आणत जाईन. घरच्या घरी करा." दार लागलं. मिस्त्री बायकोसमोर येऊन बसला. ती सगळं ऐकत होती. तिचे कान आणि तिची समज आधीपासूनच शाबूत होते, हे त्याला आत्ता, दोन महिन्यांनी, कळलं होतं.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "दर वेळी. तू सांगत होतीस मला."

तिचं मनगट त्यानं हातात घेतलं, जिथं त्या दुपारी धरलं होतं तिथं, आणि तिनं ते हळूच सोडवून मांडीवर ठेवलं. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. राग नव्हता. दुकानाच्या खिडकीवर दिवस संपताना जशी ती पाठ टेकायची, तशी नुसती दमणूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवा कागद पुढं ठेवला. रंग चांगले होते. त्यानं आधी ग्रंथपालबाईंना विचारून प्रत्येक चित्रामागं, कागदाच्या पाठीवर, ठळक अक्षरात रंग लिहून घेतला होता.

"हं. लाल छत्री कुठली?"

बायकोनं पेन्सिल घेतली. पहिल्या छत्रीभोवती गोल केला. मग दुसरीभोवती. मग वाटी, मग बूट, मग खालची सगळी रांग, कागदाकडं न बघता, खिडकीकडं बघत. संपल्यावर तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. हट्टी पोराला एकदाचं खेळणं देऊन टाकावं तसा.

"अगं, एकच..." तो म्हणाला आणि थांबला.

तिनं डोळे मिटून घेतले. त्यानं कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली, वार घातला आणि फाइलीत लावून ठेवला. तो आता कुणाला पाठवायचा नव्हता.