चोविसावा फोटो

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. चंदेरी, हातात जाडजूड भरणारा आणि स्वभावाने भारी उतावळा. मित्रांनो, ज्याचा जन्मच क्षण पकडण्यासाठी झाला, त्याला वाट पाहायला लावणे यासारखी शिक्षा नाही. माझ्या वाट्याला नेमकी तीच आली.

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका दुकानात वापरलेल्या वस्तूंच्या फळीवर मी चार महिने चुळबुळत पडलो होतो. शेजारी एक काळा, सडपातळ, देखणा कॅमेरा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी सातोए नावाची बाई सलग तीन शनिवार येऊन आम्हा दोघांना उचलून बघत होती. तिकडे दूर साकाताला एकटे राहणारे तिचे वडील, त्यांच्यासाठी तिला पहिलावहिला कॅमेरा घ्यायचा होता. ती त्याला उचले, मला ठेवे. मला उचले, त्याला ठेवे. माझा जीव नुसता टांगणीला.

"हा काळा न्या. माणूस हसला की आपोआप फोटो काढतो," दुकानदार म्हणाला.

"आमचे बाबा सुतार होते हो. त्यांचा अंगठा बघितलात तर असं म्हणणार नाही. एका दमात तीन बटणं दाबतील ते."

"मग हा चंदेरी. ठळक बटणं, मोठा पडदा आणि साधे पेन्सिल सेल. कुठल्याही दुकानात मिळतात."

"आणि मला परवडतोही," असे म्हणत तिने मला पिशवीत टाकले. जास्त फोटो साठवायचे कार्ड मात्र ऑगस्टच्या सणाला घरी जाताना घेऊ, असे तिने ठरवले. कार्डाशिवायही माझ्या पोटात चोवीस फोटो मावत होते.

तिचे वडील तोकुजी शहात्तर वर्षांचे. मला बघून ते म्हणाले, "हे कशाला? मी काय आता लग्नांचे फोटो काढत हिंडू?"

"काढून तर बघा, बाबा. चोवीस निघतात यात," असे सांगून सातोए संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

त्या घरात आलेली कुठलीही भेट आधी दिवंगत माणसांपुढे ठेवतात. म्हणून मला देवघराच्या फळीवर मिसाओआजींच्या फोटोसमोर ठेवले. मिसाओ म्हणजे तोकुजीआजोबांची पत्नी. घरातला जुना रीळवाला कॅमेरा कायम तिच्याच हातात असे. अल्बम भरभरून नवरा आणि मुलगी, ती स्वतः कुठेच नाही. कोणी कॅमेरा मागितला तर म्हणायची, आत्ता नको, केस नीट नाहीत, नंतर. ती गेली तेव्हा गल्लीच्या सहलीच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करावा लागला. चेहरा धूसर आणि कडेला शेजारच्या इगाराशीबाईंचा निळा खांदा. अठरा दिवस मी त्या खांद्याकडे बघत बसलो. किती चडफडलो म्हणून सांगू!

एकोणिसाव्या दिवशी आजोबांनी मला उचलले. पहिला फोटो निघाला त्यांच्याच अंगठ्याचा. दुसरा सपातांचा. आजोबा कपाळाला हात लावून बसले.

"दोन वाया घालवले बघ, मिसाओ."

त्यांच्या हिशेबी मीही रीळवालाच होतो. एकदा काढला की संपला. अहो, पुसायचे बटण तुमच्या अंगठ्याखालीच आहे, असे मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण मला बोलता कुठे येते?

मग ते दोन-तीन दिवसांनी एखादाच फोटो काढू लागले. काय काढत असतील? स्वयंपाकघराचा दरवाजा. रिकामा. एकदा इगाराशीबाई काकड्या घेऊन आल्या.

"तोकुजीसान, माझाही एक काढा की!"

"तुमचा खांदा आहे घरात. तेवढा पुरे."

तेवीस फोटो झाले. पडद्यावर एकचा आकडा उरला आणि आजोबांनी माझे सेल काढून ठेवले. सबंध जुलै मी आंधळ्यासारखा पडून राहिलो.

ऑगस्ट उजाडला. दिवंगत माणसांना घरी बोलावण्याचा सण आला आणि सातोएही आली. ती शेगडीपाशी घामाघूम झाली होती. आजोबांनी सेल घातले, मला दोन्ही हातांत धरले आणि म्हणाले, "सातोए, जरा त्या दारात उभी राहा."

"आत्ता नको हो बाबा. केस बघा माझे. नंतर काढू."

आजोबांचे हात खाली आले. "तुझी आई हेच म्हणायची," ते म्हणाले.

सातोएने गॅस बंद केला. हात पुसून मला घेतले आणि आतले फोटो एकेक करून बघू लागली.

"हा दरवाजा. हाही दरवाजाच. बाबा, एकवीस वेळा दरवाजा?"

"सराव केला. तू आलीस की तिथेच उभी असतेस ना. सारखा अंगठा मध्ये यायचा. म्हटलं, तुझ्या वेळी तो यायला नको. आता एकच उरलाय."

फोटो पुसता येतात, हे तिला ठाऊक होते. नवे कार्ड तिच्या पिशवीत होते. ती दोन्हींविषयी चकार शब्द बोलली नाही. तशीच, माखलेल्या एप्रनने, दारात जाऊन उभी राहिली. माझ्या आयुष्यात मी एवढा धीर कधी धरला नव्हता. आजोबांनी बटण दाबले.

कोपऱ्यात अंगठा आलाच.

मित्रांनो, आजोबा जाऊन आता सहा वर्षे झाली. मी सातोएच्या खणात आहे. कोणीतरी सेल आतच विसरले, ते पाझरले आणि माझे पोट गंजले. तुमच्याकडे असा एखादा म्हातारा कॅमेरा असेल तर त्याचे सेल तेवढे काढून ठेवा. आणि 'नंतर' म्हणणाऱ्या माणसाला हट्टाने उभे करा. मी उतावळा आहे, पण एवढे मात्र खरे सांगतो.

सातोए तो चोविसावा फोटो मोठा करून घ्यायला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीतच होतो. दुकानातला माणूस म्हणाला, "बाई, हा कडेचा अंगठा कापून टाकू ना?"

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "ते माझे बाबा आहेत."