स्वरूपाच्या कमरेचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते ना, साठ इंचांची, तीच. बेळगावात वडगावच्या एका गल्लीत जयाबाईंचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. तिथे मी अठरा वर्षं काम केलं. मला कुठे कापलं, माझ्यावर आकडे कुणी छापले, ते आठवत नाही. आठवतात ती माणसांची अंगं. घामेजलेली, तापलेली, गुदगुल्या झाल्या की आक्रसणारी. जयाबाईंचं माप चुकत नाही, असं शेजारच्या शहापूरच्या बायकासुद्धा म्हणायच्या. कौतुक त्यांचं होई, पण मलाही बरं वाटे.

त्यांतलं एक अंग मात्र मला सोडत नाही.

स्वरूपा आमच्याच गल्लीतली. तिचे वडील किशनअण्णा यांचे चार यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट दिवसभर आमच्या दुकानात ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वी स्वरूपाने एक नवीन काम सुरू केलं. घरच्या मागावरची साडी स्वतः नेसायची आणि मोबाईलसमोर उभं राहून काठ-पदर दाखवायचे. निपाणी, चिकोडीहून मागणी येऊ लागली. बंद पडलेला चौथा माग अण्णांनी पुन्हा चालू केला.

पण व्हिडिओखाली लोक फक्त साडीबद्दल लिहीत नसत.

"हे बघा आक्का," तिने एकदा जयाबाईंना वाचून दाखवलं, "'पदर दाखव, पोट नको.' असं लिवलंय." ती हसली होती.

त्याच दिवशी जयाबाईंनी मला तिच्या कमरेभोवती फिरवलं आणि सवयीप्रमाणे आकडा मोठ्याने सांगितला, "छत्तीस! दिवाळीला तेहतीस हुती की गं!" दुकानात आणखी दोघीजणी बसल्या होत्या. स्वरूपाने पोट आत ओढलं. मी सैल झाले. मग तिला श्वास धरवेना आणि मी पुन्हा घट्ट झाले.

महिन्याभराने ती आली ती ठरवूनच.

"आक्का, मी चरबी काढून घेणार हाय. दवाखान्यात नळी घालून ओढून घेत्यात. भोकं एवढी बारीक. डाग बी ऱ्हात न्हाय म्हणालेत."

जयाबाई तिच्या बाहीला टाचण्या लावत होत्या. दोन टाचण्या त्यांनी ओठांत धरल्या होत्या. त्यांची नजर वर गेली ती स्वरूपाच्या डाव्या कानावर. त्या पाळीवर वाटाण्याएवढी गाठ होती. लहानपणी कान टोचला, जखम भरली, पण कातडी तिथे वाढतच राहिली. स्वरूपा ती केसांनी झाकायची. जयाबाईंचा गळा हलला. मी त्यांच्या गळ्यातच होते, मला ते कळलं. कानाबद्दलचे दोन शब्द वर आले आणि तसेच खाली गेले.

टाचण्या काढून त्या एवढंच म्हणाल्या, "बघ बाई. तुम्ही शिकलेल्या पोरी."

दोन महिन्यांनी स्वरूपा चरबी काढून पुन्हा आली तेव्हा माप बत्तीस होतं. तिने स्वतःच वाकून माझ्यावरचा आकडा वाचला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

नंतर बराच काळ ती फिरकली नाही. व्हिडिओही थांबले. चार महिने गेले आणि एका दुपारी ती आली. तिने आतून कडी लावली आणि पडदा ओढला.

"लांब ब्लाऊज पायजे, आक्का. कंबर झाकंल असा."

जयाबाईंनी मला तिच्या उघड्या कातडीवर ठेवलं. मित्रांनो, मी अठरा वर्षं माणसांवर सपाट टेकत आले होते. त्या दिवशी मला टेकता येईना. नळी घातलेल्या जागी कातडी उंच उठली होती, लालसर, चकाकणारी, टणक. पुढे दोन, मागे दोन. आणि डाव्या कुशीत एवढी खाच होती की मी तिच्यावरून गेले तेव्हा माझ्याखाली पोकळी राहिली. माप अजूनही बत्तीसच होतं.

"परकराची नाडी बांधवत न्हाय," स्वरूपा म्हणाली. "आग हुतीया. खाजून खाजून झोप न्हाय. कागदावर सही घेतलीती, त्यात लिवलं हुतं म्हणं, व्रण वाढू शकतो. मी वाचलंच न्हाय."

"कानाचं इचारलं न्हाय त्यांनी?"

"न्हाय. मी बी सांगिटलं न्हाय."

जयाबाई खाली बसल्या. "मला दिसलं हुतं गं. त्या दिवशीच."

"मग बोलला का न्हाय?"

स्वरूपाने साडी सावरली, कडी काढली आणि ती निघून गेली.

त्या आठवड्यात जयाबाईंनी दोन ब्लाऊज चुकीचे कापले. शेवटी त्या स्वतः किशनअण्णांकडे गेल्या आणि स्वरूपाला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाल्या. घाईत मी गळ्यातच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. "काहींची कातडी जखम भरली तरी थांबत नाही, वाढतच जाते. अशांनी आधी सांगायला हवं आणि डॉक्टरांनी विचारायलाच हवं. भोक बारीक असलं म्हणजे डाग राहणार नाही, असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. खाच पडली ती कातडीलगतची चरबी जास्त ओढल्यामुळे. ती पूर्ण भरेल असं मी म्हणणार नाही."

मग त्यांनी त्या टणक व्रणांमध्येच इंजेक्शनं दिली. पहिली सुई आत गेली तशी स्वरूपाने हाताला लागेल ते धरलं. ती मी होते. तिने मला मुठीत आवळून ओढलं आणि जयाबाई मानेला काच बसत असताना तशाच वाकून उभ्या राहिल्या. "ओढ," त्या म्हणाल्या, "ओढ गं."

दर महिन्याला असं चाललं. व्रण बरेच बसले, खाज कमी झाली. खाच तशीच आहे. स्वरूपा आता साडी टेबलावर पसरून दाखवते, व्हिडिओत तिचे फक्त हात दिसतात. जयाबाईंशी ती बोलते, पण जपून.

मी मात्र ताणले गेले. माझा इंच आता खरा इंच राहिला नाही. जयाबाईंनी नवी टेप आणली आणि मला खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलं. वारा आला की मी हलते. माझ्या कवेत कुणी नसतं, तरी डाव्या बाजूला ती पोकळी मला जाणवते.

मित्रांनो, माझं ऐकाल? कुणाच्या अंगाचा आकडा चारचौघांत बोलू नका. आणि तुमच्या माणसाला सुई-सुरीखाली जायचं असेल, तर त्याच्यासोबत बसा, कागद वाचा, जुन्या जखमा आठवा, डॉक्टरांना सांगा. स्वरूपा ठरवून आली त्या दिवशी दोन शब्द पुरले असते. ते जयाबाईंच्या गळ्यात, माझ्या इतके जवळ होते, आणि मला तोंड नव्हतं.