सहाव्या डबीपासून परत

मोजणीदाराने उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलं आणि निवृत्त झाल्यावर त्याला डब्या शोधायचं खूळ लागलं. खूळच म्हणायचं, कारण कुणीतरी रानात एक डबी लपवावी, तिचा ठावठिकाणा फोनवर टाकावा, आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी काटेकुटे तुडवत ती हुडकून, आतल्या वहीत नाव लिहून, पुन्हा होती तिथेच ठेवून यावं, यात मिळतं काय, हे त्यालाही सांगता आलं नसतं. बायको मात्र काही न विचारता बरोबर यायची. तो ताडमाड, ती त्याच्या खांद्याच्याही खाली आणि चालायला हळू, म्हणून जोडीने टोपणनाव घेतलं होतं 'सावकाश'. वहीत नाव आणि तारीख तो लिहायचा. खाली बोटभर जागेत ती एक कासव काढायची.

त्या शनिवारी दोघं एका जुन्या गावाभोवतीच्या फेरीला आले होते. वाट गोल, डब्या नऊ, जिथून निघायचं तिथेच परत. हवा छान होती, पण हवेसाठी कुणी आलं नव्हतं. बायकोच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा आठ दिवसांपूर्वी तपासणीला गेला होता आणि डॉक्टर शनिवारी फोन करणार होते. घरात फोनकडे टक लावून बसण्यापेक्षा चाललेलं बरं, हे दोघांनीही मनात ठरवलं आणि बोलून कुणीच दाखवलं नाही.

पहिली डबी दगडी पुलाखालच्या खाचेत सापडली. मोजणीदाराने वही उलगडली, पेन्सिल घेतली आणि तो थांबला. पानावर त्याच्याच ठाशीव अक्षरात लिहिलेलं होतं, 'सावकाश'. आजची तारीख. खाली कासव.

"झालं का हो लिहून?" बायकोने विचारलं. तिचा वाचायचा चष्मा घरीच राहिला होता.

"झालं," तो म्हणाला. लिहिलं असेल, त्याला वाटलं; आठ दिवस डोकं ठिकाणावर आहे कुठे? चहात साखर दोनदा घालतो, तसं हे. बायकोने कासव कधी काढलं, हा प्रश्न त्याने मनातच ठेवला.

दुसरी डबी कुंपणाच्या पोकळ खांबात होती, तिसरी गावाच्या मागच्या गल्लीत, एका बंद घराच्या पायरीखाली. दोन्हींत नाव होतं, तारीख होती, कासव होतं. ऊन कोवळं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुठेतरी एक पाण्याचा पंप मंद आवाजात चालला होता, आणि त्या आवाजात मोजणीदाराला आपण हे सगळं आधीच चालून आलो आहोत असं वाटत राहिलं. भीती अशी वाटली नाही. दुपारच्या झोपेत आपण झोपलो आहोत हे कळावं आणि तरी उठू नये, तसं काहीसं झालं.

चौथ्या वहीत कासवाला पाय नव्हते.

पाचव्या वहीत नुसती पाठ होती, तीही पेन्सिल न टेकल्यासारखी फिकी. मोजणीदाराने ते पान अंगठ्याने पुसून पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती एका ओंडक्यावर बसून दम खात होती आणि ओठ जरा पांढरे पडले होते.

"दमलीस?"

"अहो, मी कधी दमत नाही? नाव काय आपलं!" ती हसली.

सहावी डबी शेताच्या बांधावरच्या झाडाच्या ढोलीत होती. त्याच्या नावाखाली पान कोरं होतं. पेन्सिल बायकोच्या हातात देऊन 'काढ' म्हणावं असं वाटलं, पण तिने काढूनही पान कोरंच राहिलं तर, या विचाराने त्याचा हात पुढे झाला नाही.

मोजणीच्या धंद्यात एक रीत आहे. जमिनीला वळसा घालून पहिल्या खुणेपाशी यायचं, आणि आकडा जुळला नाही तर तीच वाट उलटी मोजत जायचं. चूक वाटेत कुठेतरी सापडतेच. मात्र आधी फेरी पुरी करावी लागते. हे त्याने कितीतरी नव्या मोजणीदारांना दरडावून शिकवलं होतं. आज त्याच्याच्याने धीर धरवला नाही.

"परत फिरू," तो म्हणाला. "मोजणी चुकलीय."

"सुट्टीच्या दिवशी कसली मेली मोजणी? तीनच तर राहिल्यात."

"चल गं. ऐक माझं."

ती उठली. पाचव्या डबीपाशी त्याने वही उघडली. कासव अख्खं होतं, चारही पायांचं. त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला. नावातली पहिली दोन अक्षरं पुसट झाली होती. ओल लागली असेल. चौथीत नाव अर्धंच उरलं होतं आणि कासवाला डोळे आले होते. तिसरीत कासवाच्या वर फक्त तारीख होती. मोजणीदाराला त्याचं काहीच वाटलं नाही. तो कासवंच बघत होता.

बायको आता पुढे चालत होती, काहीतरी गुणगुणत, आणि चांगली झपाझप. "अगं, सावकाश!" त्याने हाक मारली. तिने गुणगुणणं थांबवलं नाही. दुसऱ्या डबीपाशी ती थांबलीच नाही.

पुलाजवळ तिचा फोन वाजला. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली, "हो डॉक्टर, हो," म्हणाली आणि मग कठड्यावर बसून पदरात तोंड घालून रडली.

"काय म्हणाले?" तो धापा टाकत आला. "अगं, बोल ना!"

तिने डोळे पुसले आणि लेकीला फोन लावला. "काही नाही निघालं गं. साधी गाठ आहे. हो, हो, अगदी खात्रीने सांगितलं त्यांनी." तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मोजणीदाराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जिंकलो, त्याला वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवायला तो वाकला, तेवढ्यात ती उठून गाडीकडे निघाली.

सकाळी गाडी त्याने चालवत आणली होती. तो नेहमीसारखा चालकाच्या दाराकडे गेला, तर बायकोने आपल्या पिशवीतून किल्ली काढली, दार उघडलं आणि आत बसली. सीट पुढे ओढायची तिला गरज पडली नाही. ती आधीच तिच्या मापाने, अगदी पुढे सरकवलेली होती.