गिऱ्हाईकागणिक एक

न्हाव्याने वस्तरा कंपाउंडरच्या कानाखाली टेकवला आणि लगेच उचलला. पाठ फिरवून त्याने दम्याचा पंप तोंडात धरला, एक झुरका ओढला आणि मिशी पुसत परत आला. हात आधीपेक्षा जास्त थरथरत होता.

पावसाळ्यापासून हेच चाललं होतं. डोळ्याला डोळा नाही, पोटऱ्यांत गोळे, छातीत धडधड. हातावर पोट असलेल्या माणसाचे हातच गेले, तर राहिलं काय? दुकान बंद करायचं, असं काल त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. तीही थकलेलीच, नुसती मान हलवली.

"वस्तरा खाली ठेव," कंपाउंडर म्हणाला. "मला गळा अजून लागतो."

"वय झालं, साहेब. हात टेकले आता."

कंपाउंडरने चाळीस वर्षं दवाखान्यात काढली होती. त्याने न्हाव्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ओठांत मोजलं.

"एकशे तीस. पंप दिवसातून किती वेळा?"

"गिऱ्हाईकागणिक एकदा. कधी दोनदा."

"गिऱ्हाईकं किती?"

"वीस-बावीस."

"अरे, हे वय नाही. औषध जास्त झालंय. थरथर, धडधड, गोळे, झोप उडणं, सगळं त्याचंच. हृदयाशी खेळ आहे हा. आत्ताच दवाखान्यात चल."

न्हावी मटकन बाकावर बसला. म्हणजे हात शाबूत होते. त्याला रडूच आलं, आणि रडण्याची लाजही वाटली.

"पण दम लागला नसताना घेतोस कशाला?"

न्हावी टॉवेलची घडी घालत राहिला. पावसाळ्यात याच खुर्चीत डोळे मिटून कंपाउंडर म्हणाला होता, 'तुझ्या छातीतली शिट्टी अगदी कानात वाजते बुवा.' दुकान हसलं होतं. तोही हसला होता. दुसऱ्या दिवसापासून वस्तऱ्याआधी पंप सुरू झाला.

"कुणी काही बोललं का?"

"बोललं असेल कुणीतरी. लक्षात नाही."

अर्ध्या गालावरचा फेस कंपाउंडरने बाहीनेच पुसला, दुकानाचं शटर स्वतः ओढलं आणि न्हाव्याच्या काखेत हात घातला. दोघं कोपऱ्यापर्यंत आले.

"मीच ना तो?" कंपाउंडरने विचारलं.

"जरा हळू चला, साहेब," न्हावी म्हणाला, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच त्याने कंपाउंडरच्या कानाशी मोकळा श्वास घेतला, शिट्टीसकट.