साखळीची रेघ

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या नवऱ्याला, अल्बीला, काहीही सापडलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

आमचा नियम साधा. जमिनीच्या एखाद्या पट्ट्यात सोनं लागलं की तो पट्टा इंच इंच पिंजून काढायचा, आणि सलग तीन दिवस धातू शोधणारं यंत्र गप्प राहिलं की गाशा गुंडाळायचा. हा नियम अल्बीनेच केला, एकोणीस वर्षांपूर्वी, आम्ही दोघं नव्याने या वेडात पडलो तेव्हा. दर हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये, बन्बरीच्या घरून कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडून निघायचं, लेव्हर्टन गावाच्या पुढे डांबर संपलं की आणखी दोन तास तांबड्या धुळीतून जायचं, आणि ऑगस्ट सरेपर्यंत मल्गाच्या झुडपांत ते यंत्र, डिटेक्टर, फिरवत हिंडायचं. लोक या वयात नातवंडं सांभाळतात. आम्ही गंजलेले खिळे गोळा करत होतो, आणि मधूनच एखादा सोन्याचा खडा.

यंदाची गोष्ट वेगळी होती. निघण्याआधी स्वयंपाकघरात ट्रूडीसमोर, म्हणजे आमच्या मुलीसमोर, अल्बीने शब्द दिला होता की हा शेवटचा पट्टा. तो गप्प झाला की कॅरॅव्हॅन विकायची आणि घरी बसायचं. पण तो गप्प व्हायला हवा. जमिनीत सोनं सोडून मी येणार नाही, असं तो तिला बजावून आला होता. मी तेव्हा भांडी पुसत होते. मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, गप्प हो एकदाचा तो पट्टा.

कारण मी दमले होते. एकाहत्तर वर्षांची बाई किती दमू शकते, हे अल्बीला कधी कळलंच नाही. गुडघे सकाळी वाकत नव्हते आणि संध्याकाळी सरळ होत नव्हते. माशा डोळ्यांच्या कोपऱ्यात बसायच्या, त्या चहातही पडायच्या. अंघोळ म्हणजे अर्धी बादली पाणी आणि एक फडकं. डब्यातलं खारवलेलं मांस आणि निखाऱ्यात भाजलेली जाड रोटी खाऊन माझं तोंड विटलं होतं. मला माझा टब हवा होता, काठोकाठ गरम पाण्याने भरलेला, आणि बाहेर दार वाजवून ‘नोल, यंत्राला नवीन कॉइल लावून बघू या का?’ असं विचारणारं कोणी नको होतं.

आम्ही पट्टा निम्मा निम्मा वाटून घेतलेला. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला बांधलेली वावभर साखळी. चालताना ती मागून फरपटत येते आणि धुळीत बारीक रेघ ओढत जाते. परत फिरताना त्या रेघेला लागून दुसरी रेघ. असं केलं की कुठली जागा झाली आणि कुठली राहिली ते समजतं. अल्बीच्या रेघा इतक्या सरळ असायच्या की बघत राहावं. माझ्या वाकड्या. पण एक गोष्ट दोघंही पाळायचो. दुसऱ्याच्या रेघांवर आपलं यंत्र फिरवायचं नाही. ते म्हणजे तोंडावर सांगणं की तुला काही जमत नाही. या एका गोष्टीवरून इथे जन्माच्या मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

त्या दुपारी अल्बीचा चहा घेऊन मी त्याच्या भागातून आडवी चालले होते. एका हातात मग, दुसऱ्या हातात यंत्र. ते बंद करायचं विसरले होते आणि हेडफोन कानावरच होते. हात सवयीने हलत होता. हेडफोनमध्ये सतत एक सपाट गुणगुण चालू असते. सोनं असलं की ती गुणगुण जराशी वर चढते आणि खाली येते. तेवढंच. त्या तेवढ्यासाठी आम्ही एकोणीस वर्षं घालवली.

गुणगुण चढली आणि उतरली.

मी म्हटलं, छर्रा असेल. सशांवर मारलेले छर्रे या भागात पेरल्यासारखे पडलेत. तो तिथे राहू देणंही बरं नाही, म्हणून चहाचा मग खाली ठेवला आणि कमरेच्या छोट्या कुदळीने खणलं. चार बोटं खोलीवर, माझ्या तळहातावरच्या तांबड्या मातीत, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा सोन्याचा खडा होता.

अल्बीने पाऊल टाकून टाकून संपवलेल्या ओळीत.

मी आजूबाजूला बघितलं. तो लांब होता, पाठमोरा, मन लावून यंत्र फिरवत. मी पुढच्या ओळीवर यंत्र धरलं. तिथेही एक. त्याच्या पुढच्या ओळीतही. ते दोन्ही मी खणले नाहीत. गरजच नव्हती. पट्टा गप्प झालाच नव्हता.

आता आठवलं की सगळं जुळत गेलं. किटली शिट्टी मारून मारून दमायची आणि तो जवळ बसून पेपर वाचत असायचा. नवऱ्यांना ऐकू न येणं हा लग्नाचा भागच असतो, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याने मेंढ्यांच्या शेडमध्ये लोकर कातरायच्या मशीनच्या घरघरीत काढली होती. मोठे आवाज त्याला येत होते. गुणगुणही येत असणार. तिचं ते जरासं चढणं गेलं होतं.

मी तिथे उकिडवी बसले आणि गुडघे ओरडत असूनही उठले नाही. सांगितलं तर त्याला कळणार की कान गेले. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तो वर्षभर जगतो तीच गेली. आणि वर मुक्काम लांबणार. न सांगितलं तर उद्या सकाळी निघायचं, शनिवारी टब, आणि अल्बी उरलेलं आयुष्य समाधानाने सांगत बसणार की शेवटचा पट्टा मी साफ करून आलो. मला जे हवं होतं तेच त्याच्या भल्याचंही होतं. असं नशीब मला क्वचितच मिळालंय.

मी खडा परत खड्ड्यात टाकला. माती ढकलली, बुटाने दोनदा दाबली, मल्गाची फांदी घेऊन वरून झाडलं आणि दोन-चार काळे खडे पसरले. खड्डा बुजवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. मग गार झालेला चहा त्याला नेऊन दिला.

संध्याकाळी त्याने जाहीर केलं, संपलं. आवाज नेहमीसारखा मोठा. दोघांच्या कचऱ्याच्या पिशव्या त्याने डब्यात ओतल्या. यंत्राने दाखवलेलं जे काही निघेल ते पिशवीत टाकायचं, पुन्हा जमिनीत टाकायचं नाही, हीसुद्धा आमची रीत. माझ्या पिशवीतून दोन खिळे आणि पत्र्याचा एक तुकडा पडला. त्यावर तो म्हणाला की एवढ्या कमाईवर आता राजवाडा बांधू. मी हसले. तो रोज हेच म्हणायचा.

सकाळी मी अंथरुणं गुंडाळली, कॅरॅव्हॅन गाडीला जोडून झाली. अल्बी शेवटचा फेरा मारायला गेला. गुरांचे पाय मुरगळू नयेत म्हणून निघण्याआधी प्रत्येक खड्डा बुजलाय का ते तो बघून यायचा. मी डबे आवरत होते. बराच वेळ झाला तरी तो येईना, म्हणून गेले. तो त्या ओळीपाशी उभा होता आणि खाली बघत होता.

“नोल, माझी साखळी इथे उडी मारून गेली का?”

त्याची रेघ सुतासारखी येत होती, मध्येच हातभर नाहीशी झाली होती, आणि पुढे पुन्हा सुरू झाली होती. मी फांदीने झाडलं होतं. खड्डा मी इतका छान बुजवला की त्याच्याबरोबर रेघही पुसली.

वारा आला असेल, असं मी म्हटलं. वारा हातभर जागेवरच आला का, असं त्याने विचारलं. मग मी म्हटलं की चहा आणताना यंत्र वाजलं, खणलं, तर छर्रा निघाला.

“तुझी पिशवी काल मीच ओतली. छर्रा नव्हता त्यात.”

तो गाडीकडे गेला, बांधलेलं यंत्र सोडवून घेऊन आला, हेडफोन लावले आणि त्या जागेवरून फिरवलं. एकदा, मग हळू, मग आणखी हळू. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्याने हेडफोन काढून स्वतःच्या हाताने माझ्या कानांवर चढवले आणि पुन्हा यंत्र फिरवलं. या वेळी तो जमिनीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. चेहरा दगडासारखा ठेवायचा मी फार प्रयत्न केला. पण आवाज आला की माझे डोळे आपोआप खाली जातात. एकोणीस वर्षांची सवय.

“हा एकच आहे?”

“आणखी दोन ओळींत आहे. बाकीच्या मी बघितल्या नाहीत, अल्बी. मला कालच कळलं.”

तो जमिनीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. ओरडला असता तर परवडलं असतं.

“कसा आला आवाज?”

“बारीक.”

“बारीक म्हणजे कसा? करून दाखव.”

मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवणारी बाई. पण डोळे मिटले आणि गुणगुणले. सपाट, सपाट, मग जरासं वर, मग खाली, पुन्हा सपाट. तो म्हणाला, परत. मी परत केलं. तो म्हणाला, मोठ्याने. मग त्या उघड्या रानात, तोंडावर माशा अडवणारी जाळी लावून, मी घसा ताणून तो आवाज काढला. अल्बी मान कलती करून ऐकत होता.

“हां, असाच असायचा,” तो म्हणाला. “मी विसरून गेलो होतो. मला वाटायचं, जमीनच दरवर्षी थोडी थोडी गप्प होत चाललीय.”

मला रडू आलं. जाळीच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

थोड्या वेळाने तो उठला. कुदळ घेतली, खणलं, माती चाळली, खडा काढून माझ्या हातात ठेवला. स्वतः त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. मग आपल्या कमरपट्ट्याची साखळी सोडली आणि माझ्या कमरपट्ट्याला बांधायला लागला. माझी गाडीत तळाशी गेली होती. गाठ तीनदा सुटली.

“तीन दिवस गप्प राहायला हवं, नोल. नियम आहे.”

“अल्बी, माझे गुडघे.”

“खणायचं मी. वाकायचं मी. तू नुसतं चालायचं आणि ऐकायचं.”

“आणि चहा?”

“तोही मीच करतो. शिट्टी ऐकू आली नाही तर वाफ बघेन.”

त्याच्या पहिल्या रेघेच्या तोंडाशी, मुंग्यांच्या वारुळाजवळ मी उभी राहिले. मागे कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी, तोंड घराकडे करून उभी. अल्बी कुदळ खांद्यावर टाकून चार पावलं मागे होता. मी चालायला लागले. साखळी त्याच्या सरळ रेघेवर माझी वाकडी रेघ ओढत येऊ लागली.

वीसेक पावलांवर गुणगुण चढली आणि उतरली. अल्बी माझ्या पाठीमागे होता, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. तशीच पुढे गेले असते तर त्याला कधीच कळलं नसतं, आणि तीन दिवसांनी आम्ही घरी असतो.

मी थांबले आणि बुटाने त्या जागेवर खूण केली.