मंडळ काय परकं आहे?

शरच्चंद्र पोंक्षे यांची उभी हयात कस्टम्समध्ये गेली, त्यातली बहुतेक कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीत. माल कुणाचा आणि कागद कुणाच्या नावावर, हे दोन प्रश्न ते इतकी वर्षं विचारत आले की घरात दुधीभोपळा आला तरी तो कुणी आणला हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कागद जुळले नाहीत तर माल गोदीत पडून राही, मग मालक रडो की ओरडो. आणि याच माणसाने पोटच्या पोराचा माल स्वतःच्या हाताने, कसलाही कागद न करता, दुसऱ्याच्या हवाली केला.

पोराचं नाव उन्मेष. बदली होऊन पोंक्षे कोलकात्यात आले तेव्हा तो बालवाडीत होता. इथेच वाढला, त्यामुळे त्याची मराठी घरापुरती, आणि तीही बंगाली-हिंदीचे टेकू लावून उभी. इंजिनिअरिंग त्याने दुसऱ्या वर्षी सोडलं. चांदनी मार्केटमधून एक जुना कॉम्प्युटर आणला, बेहालाच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, आणि तो ड्रम अँड बेस नावाचं संगीत करू लागला. गुरू नाही, क्लास नाही. कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांचे व्हिडिओ बघून शिकला.

हे संगीत म्हणजे मिनिटाला पावणेदोनशे ठोके आणि त्याखाली अंग हलवणारा खर्ज. आई शकुनबाई त्याला सरळ 'धडधड' म्हणत. पोंक्ष्यांनी एकदा दाराला कान लावून ऐकलं आणि बायकोला सांगितलं, "वर घोडे पळतायत आणि खालून म्हैस आपल्या चालीने चालली आहे. गंमत अशी की दोघं पोचतात एकदमच." एवढं त्यांना कळलं होतं, पण ते मुलाला सांगायचं राहूनच गेलं.

दहा-अकरा वर्षं उन्मेष हेच करत राहिला. पोटापाण्याला सोनाराच्या जाहिराती, लग्नात नवरी मांडवात येतानाचं संगीत. पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात त्याला वाजवायला बोलावलं, तर मॅनेजर मध्येच येऊन म्हणाला, "दादा, हिंदी गाने हैं क्या?" कोलकात्यातल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर पोंक्षे म्हणत, "कॉम्प्युटरमध्ये आहे." ते खोटं नव्हतं, पण ते म्हणताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत.

मग एके दिवशी उन्मेषने आईच्या ट्रंकेतली लेझीम काढली. सांगलीच्या शाळेत शकुनबाई ती खेळत, आणि लग्नानंतर का कोण जाणे, त्या ती बरोबर घेऊन आल्या होत्या. उन्मेषने त्यांना गाद्यांच्या खोलीत उभं केलं आणि म्हणाला, "आई, वाजव." साठीच्या बाई पदर खोचून वाजवायला लागल्या. मग तो छणत्कार त्याने कापला, उलटा केला, ताणला, आणि पावणेदोनशे ठोक्यांवर पळवला. महिनोन्महिने तेच चाललं होतं. शेवटी जे झालं ते त्याने इंग्लंडात ब्रिस्टल गावच्या एका छोट्या कंपनीला पाठवलं. तिघं मिळून चालवत होते ती कंपनी, पण या संगीतात तिला मान होता. तिथून उत्तर आलं की हे आम्हाला हवं आहे, नोव्हेंबरात काळी तबकडी काढू आणि जगभर एकाच दिवशी प्रसिद्ध करू.

त्या दिवशी उन्मेष जेवताना हसला. पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाला, "बाबा, बाहेर येईपर्यंत कुणाला ऐकवायचा नाही हां. कुणालाच नाही."

"छे, मी कुणाला ऐकवतोय?" पोंक्षे म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

भाद्रपद आला. उन्मेष शिलाँगला कार्यक्रमासाठी गेलेला. मंडळाच्या कार्यवाह सुहासिनीताई यांचा पोंक्ष्यांना फोन आला. हलगीवाला सांगलीहून येणार होता, तो ऐनवेळी आजारी पडला. पोरांची लेझीम बसवलेली, आणि वाजवायला काही नाही.

"पोंक्षेसाहेब, तुमचा उन्मेष संगीतातलाच ना हो? काही करता येईल का?"

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून पोंक्षे दहा वर्षं थांबले होते. त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "करता येईल म्हणजे काय, तयारच आहे! लेझीमच आहे!"

शकुनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, तो नको म्हणाला होता ना?"

"कुणाला म्हणजे बाहेरच्यांना गं. मंडळ काय परकं आहे?"

शकुनबाई मान हलवून पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. परमुलखात राहणाऱ्याला विचारा, मंडळ म्हणजे काय ते. पोंक्ष्यांना कावीळ झाली तेव्हा डबा मंडळातून आला होता. उन्मेषची मुंज मंडळाच्या हॉलमध्ये झाली होती. फोन करून मुलाला विचारावं असं पोंक्ष्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण गणपतीच्या कामाला काय विचारायचं! कॉम्प्युटरला कुलूपबिलूप काही नव्हतं. त्यांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि रिक्षा केली.

काय रंगला म्हणता तो कार्यक्रम! पोरं बेभान नाचली, आज्या खुर्च्यांतून उठल्या. सुहासिनीताईंनी माइकवरून सांगितलं, "ही धून आपल्या उन्मेषची!" आणि पोंक्ष्यांच्या हातात नारळ दिला. नारळ धरून ते उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. घरी येताना त्यांनी ठरवलं, आता सांगायचं नाही, तबकडी आली की गंमत म्हणून सांगू.

शंतनु हा मंडळाचा व्हिडिओवाला. आयटीत नोकरी करणारा, चांगला, सरळ मुलगा. मागच्या वर्षी मंडळाने रेकॉर्ड केलेली आरती कुणीतरी उचलून स्वतःच्या नावावर लावली होती, तेव्हापासून तो सावध झालेला. त्याने इंटरनेटवर व्हिडिओ टाकताना एका परदेशी कंपनीमार्फत ती धून मंडळाच्या नावावर नोंदवून टाकली, म्हणजे दुसऱ्या कुणी ती लावली तर मशीन आपोआप अडवील. संगीत तुमचं स्वतःचं आहे का, असं विचारलं होतं. त्याने 'हो' म्हटलं. मंडळाच्या मुलाने केलं म्हणजे मंडळाचंच की! कुणी चोरू नये म्हणून हे त्याने केलं.

नोव्हेंबरात तबकडीचा दिवस उजाडला. शकुनबाईंनी शिरा केला होता. उन्मेष सकाळपासून खोलीत होता. दुपारी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"सगळीकडून काढलंय," तो म्हणाला. "मशीन बोलतंय हे कॉपी आहे. ओरिजिनल दुसऱ्याचा आहे." आणि त्याने मालकाचं नाव वाचलं. ते मंडळाचं नाव होतं.

त्याने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, ते फाइल कुणाला दिला होता?"

पोंक्षे लपवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं, नारळासकट. आता हा ओरडेल, काहीतरी फोडेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. उन्मेष नुसतं "अच्छा" म्हणाला आणि शिऱ्याची बशी उचलून आत गेला.

दुसऱ्याच दिवशी ते सॉल्ट लेकला शंतनुच्या ऑफिसवर जाऊन धडकले. त्या बिचाऱ्याला रडू यायचं बाकी राहिलं. "काका, मी आत्ता काढून टाकतो," म्हणत त्याने तिथल्या तिथे नोंद मागे घेण्याचं बटण दाबलं. उत्तर आलं, या संगीतावर वाद चालू आहे, वाद मिटेपर्यंत नोंद बदलता येणार नाही.

"पण वाद नाहीच आहे," पोंक्षे म्हणाले. "तू म्हणतोस उन्मेषचं, तोही म्हणतो त्याचंच. मग वाद कुणाचा?"

"सिस्टिमचा, काका."

"मग तिचा साहेब कोण? मी जाऊन भेटतो."

"साहेब नसतो, काका. सिस्टिमच असते."

पोंक्ष्यांना हे पटेना. गोदीत ते माल अडवत, पण अडवणारा माणूस टेबलामागे बसलेला दिसे. मालक भांडे, हात जोडे, आणि पोंक्षे त्याला आधी खुर्ची देत, मग 'नाही' म्हणत. इथे 'नाही' म्हणायलाही कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या कसलेल्या सरकारी इंग्रजीत अर्ज लिहिला आणि शंतनुला पत्ता विचारला, तर पत्ताच नव्हता. एक चौकोन होता, त्यात लिहायचं. त्यांनी सगळा अर्ज त्यात उतरवला. लगेच उत्तर आलं, तुमची अडचण आम्हाला समजली आहे, आणखी काही मदत करू का? पोंक्ष्यांनी लिहिलं, आधी ही करा. उत्तर आलं, तुमची अडचण आम्हाला समजली आहे.

एक वाट उरली होती. उन्मेषने स्वतः तक्रार करायची. संध्याकाळी तिघं त्या कॉम्प्युटरपुढे बसले. तक्रारीत विचारलं होतं, तुमचं संगीत दुसऱ्याकडे कसं गेलं? तुम्ही दिलंत, की त्याने चोरलं? दिलं म्हटलं तर तक्रार तिथेच संपत होती. चोरलं म्हटलं तर चोराचं नाव द्यायचं, आणि ते मंडळाचं दिलं की मंडळाचं व्हिडिओंचं अख्खं खातं बंद होणार होतं. वर्षानुवर्षांचे गणपती, कोजागिरी, गेलेल्या माणसांची भाषणं, सगळं पुसलं जाणार होतं.

"मंडळाने चोरलं नाही," पोंक्षे म्हणाले.

"मला माहीत आहे. मग काय लिहू?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जन्मभर दुसऱ्यांची खोटी निवेदनं पकडणाऱ्या पोंक्ष्यांनी खरं काय ते शोधलं, आणि त्यांना ते सापडलं.

"लिही, वडिलांनी चोरली. न विचारता घेतली. नाव, शरच्चंद्र पोंक्षे."

उन्मेषने हात मागे घेतले. "मी नाही लिहिणार."

"खरं तेच आहे ना?"

"खरं असेल. मी नाही लिहिणार, बाबा."

तेव्हा पोंक्ष्यांनी की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने आपलं नाव टंकलं. एकेक अक्षर शोधत, चोर या रकान्यात. शकुनबाई उठून आत गेल्या.

दोन दिवसांनी निकाल आला. तक्रारदार आणि आरोपी यांचं आडनाव आणि पत्ता एकच आढळतो, सबब हा घरगुती वाद आहे, तो आपसात मिटवावा. तोवर नोंद आहे तशी राहील.

ब्रिस्टलवाल्यांनी फार सभ्य पत्र पाठवलं. झालं ते वाईट झालं, पण मालकीचा घोळ असलेलं संगीत आम्हाला काढता येत नाही, तुमची तबकडी मागे घेऊन तिच्या जागी दुसऱ्याचं काम घेतलं आहे, नवीन काही केलंत तर जरूर पाठवा. उन्मेषने ते वाचून दाखवलं आणि जाहिरातीच्या कामाला बाहेर पडला.

पोंक्षे त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. "अरे, त्या कॉम्प्युटरला आता कुलूप लाव. मलासुद्धा उघडता येणार नाही असं."

"लावतो," उन्मेष म्हणाला.

संक्रांतीला मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम होता. पोंक्षे जाणार नव्हते, पण न जाण्याचं कारण काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हॉलच्या दारातच छणत्कार ऐकू आला. घोडे पळत होते आणि म्हैस चालत होती. कार्यक्रम सुरू होताना हीच धून वाजवायची असं मंडळाने ठरवलं होतं. सुहासिनीताईंना काय घडलं ते माहीत होतं, त्यांनी पोंक्ष्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ओशाळून म्हणाल्या, "पोरं ऐकेचनात हो, हीच हवी म्हणतात." पोरं नाचत होती. पोंक्ष्यांनी तिळगूळ खिशात टाकला.

ते लवकर घरी परतले. उन्मेष नव्हता. मागच्या खोलीत दिवा राहिला होता, तो घालवायला ते आत गेले. शकुनबाईंची लेझीम गादीला टेकून ठेवलेली होती. टेबलापाशी वळताना त्यांचा हात माउसला लागला, आणि पडदा उजळला. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. सगळं उघडं.

पोरगं म्हणालं होतं 'लावतो', पण त्याने कुलूप लावलं नव्हतं. पोंक्ष्यांना इतकं बरं वाटलं की ते खुर्चीवर बसले. म्हणजे याचा अजून बापावर विश्वास आहे. आजही दार उघडं ठेवून जातो.

मग त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर पाहिलं. सोनाराची जाहिरात, लग्नाची जाहिरात, साड्यांची जाहिरात. त्याच्या स्वतःच्या संगीताचा कप्पा बाजूला होता. त्यातलं शेवटचं काम नोव्हेंबरातलं, शिऱ्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशीचं. त्यानंतर काही नव्हतं. पोंक्षे खाली खाली पाहत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

चोरण्यासारखं काही असतं, तर त्याने कुलूप लावलं असतं.