उलट्या बाजूचा शनिवार

शनिवारच्या वर्गाला मी एकच नियम ठेवला होता. घरी जे ऐकता त्याच्या उलट बाजूने बोलायचं. ज्याच्या घरी ट्रॅक्टर, त्याने बैलांची बाजू घ्यायची. ज्याच्या घरी टीव्ही दिवसभर चालतो, त्याने टीव्ही बंद करा म्हणायचं. उलट बाजू मांडायची तर ती आधी कुणाकडून तरी नीट ऐकावी लागते, एवढाच माझा हेतू होता.

शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंधरा-वीस मुलं तासभर ओसरीवर माझ्यापाशी बसत. आमचं गाव साखऱ्याच्या पलीकडे, वाशीमच्या हद्दीला लागून आहे. त्या महिन्यात मारुतीच्या पाराजवळ मराठा समाजाच्या साखळी उपोषणाचा मंडप होता आणि बसथांब्याजवळ ओबीसी बांधवांचा. दोन्हीकडे कर्णे लावलेले.

"गुरुजी, आरक्षणावर ठेवा की बोलणं," मुलं म्हणाली. "सगळं गाव त्याच्यावरच बोलून राहिलं."

मी दोन दिवस विचार केला. मोठी माणसं जे ओरडून बोलतात ते लेकरांनी बसून बोलावं, असं मला वाटलं. विषय ठरला, मराठा समाजाला ओबीसीतून आरक्षण द्यावं की नाही.

विजयकुमार आठवीत होता. तो उकंडरावांचा मुलगा, घर मराठ्याचं, जमीन पंधरा एकर. नियमाप्रमाणे तो विरोधात बोलला. "आमच्याकडं वावर हाय, हीर हाय. सटवामामाकडं मेंढरं सोडून काय हाय? त्यांच्या ताटातलं आमी काहून मागावं?"

सटवामामा म्हणजे सटवाजी धनगर. त्याची मुलगी शिवकन्या विजयच्याच वर्गात होती. ती बाजूने बोलायला उठली. "वावर समद्यांला दिसतं. वाटण्या झाल्यावर हाती काय राहिलं ते कुणाला दिसत न्हाई. विजयच्या चुलत्याला दीड एकर हाय. त्याच्या पोरीचा नर्सिंगचा नंबर थोडक्यात हुकला, ती आता निंदायला जाते. तिच्या घरी रडले तेबी खरंच रडले."

"ए शिवकन्ये," विजय म्हणाला, "तू तर आमच्या मंडपात बसाया पाहिजेस."

"बसते की. तुमच्या मंडपात पंखा हाय."

मुलं हसली. मीही हसलो. ते सगळं मी फोनवर टिपलं होतं आणि कौतुकाने पालकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. दोन्ही लेकरांना शाबासकीही लिहिली.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याचे दोन तुकडे केले. नियम कुठला, वर्ग कुठला, ते त्यांत नव्हतं. एका तुकड्यात मराठ्याचा मुलगा म्हणत होता, आम्हाला काही देऊ नका. दुसऱ्यात धनगराची मुलगी म्हणत होती, त्यांना द्या.

दुसऱ्या दिवशी पाराजवळच्या मंडपातला तातेराव सहा पोरांना घेऊन उकंडरावांच्या दारात बसला. सटवाजीला औंढ्याकडच्या भावकीचे फोन आले. "उकंडरावाचं पाणी पिऊन पिऊन तुझ्या पोरीची जीभ फिरली का रे?"

त्या पाण्याचं सांगायला हवं. सटवाजीची दोनशे मेंढरं सहा उन्हाळे उकंडरावांच्या रानात बसत होती. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावायचं, जूनमध्ये तिथे हळद लागायची, आणि मेंढरांना त्यांच्या विहिरीचं पाणी मिळायचं. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यामागे गाव सोडायची सटवाजीची वणवण थांबली होती. त्याचा थोरला भारत चार गावांतल्या चार शाळांत दुसरीपर्यंतच पोचला होता. शिवकन्या मात्र तिसरीपासून आठवीपर्यंत एकाच शाळेत, एकाच बाकावर बसली. तिच्या घरात असं कुणाचंच झालं नव्हतं.

सोमवारी उकंडरावांनी रानाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकल्या. मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

"गुरुजी, मला काय कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "तुमी उलटं बोलाया लावता हे मला ठाऊक हाय. गेल्या साली ह्याच पोरानं माझी तंबाखू बंद करा म्हनलं होतं. पण मी आज सटवाजीला पाणी दिलं तर हे म्हनतील, बापच फितूर हाय, पोराचं काय घेऊन बसलात."

आतून त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या, "हळदीला खत मग कुठून आणणार हाव? तातेराव लेंड्या टाकनार हाय का?"

"तू गप बस."

मी सटवाजीच्या पालावर गेलो. एकदा समोरासमोर बोला, असं विनवलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "मी गेलो की आमचेच लोक म्हनतील, पोरीला ह्यानंच शिकवून धाडलं होतं. उकंडदादाची तकलीफ मला कळते, गुरुजी. त्येला माझी कळते. पण आता दोघांनाबी कळून काय उपेग?"

शिवकन्याची आई चंद्रभागाबाई चुलीपुढे होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी न्हाई मिळालं तर पाल उचलावं लागंल. पोरगी मागं कुणापाशी ठिवू? आन् आता ठिवून घेईल कोण?"

वार्षिक परीक्षेला बारा दिवस होते.

मी पाराजवळच्या मंडपात गेलो. पोरांनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. तातेराव माझाच विद्यार्थी, चौथीपर्यंत. पाया पडून म्हणाला, "गुरुजी, तुमची बाजू कोणती ते आधी सांगा."

"मी लेकरांचं सांगायला आलोय."

"ते ऐकतो की. आधी बाजू सांगा."

बसथांब्याच्या मंडपातही मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं आणि तोच प्रश्न मिळाला. मी दोन्हीकडे तोच नियम समजावून सांगितला, ओरडूनही सांगितला. दोन्हीकडच्या माणसांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, ते सगळं बराबर हाय, पण तुमची बाजू?

दोन दिवस भारत आणि मी शाळेजवळच्या हापशावर पाणी उपसलं. दोनशे मेंढरं आणि एक हापसा. दहा वाजले की पाण्याऐवजी नुसता वारा यायचा. गावातल्या रूपाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे पाणी माणसांनी प्यायचं का मेंढरांनी?" त्यांचं चूक नव्हतं. मी हापशाचा दांडा सोडला. त्या दिवशी दोन कोकरं मेली.

गुरुवारी विजयकुमार माझ्याकडे आला. सायकल भिंतीला लावून ओसरीवर आला.

"गुरुजी, मी मंडपात जाऊन आमच्याच बाजूनं बोलतो. मग सोडतील का शिवकन्याची मेंढरं हिरीवर?"

नाही म्हणायला हवं होतं. मी वही काढली. मुद्दे लिहून दिले, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा ते सांगितलं. उकंडरावांना विचारलं तर ते म्हणाले, "बोलू द्या. झालं तर बरंच हाय."

शुक्रवारी दिवस मावळताना मंडप भरला. तातेरावने मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. विजय माईकपुढे उभा राहिला आणि चांगला बोलला. शेतीच्या वाटण्या सांगितल्या, दीड एकराचा चुलता सांगितला, निंदायला जाणारी बहीण सांगितली. ते बहुतेक शिवकन्याचंच होतं, पण ते ओळखणारं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. टाळ्या थांबेनात. तातेरावने त्याच्या गळ्यात उपरणं घातलं.

विजयने माईक सोडला नाही.

"आता माझी एक मागणी हाय. सटवामामाच्या मेंढरांला आमच्या हिरीवर..."

कर्णा बंद पडला. मशीनजवळच्या पोराने वायर ओढली होती. विजय तसाच बोलत राहिला. पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं असावं, कारण कुणीतरी हसलं. मग मागून घोषणा सुरू झाली आणि सगळ्यांनी ती उचलली. घोषणेत त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मी उकंडरावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. आजूबाजूच्या सगळ्यांचे हात वर होते. थोड्या वेळाने त्यांचाही हात वर गेला.

शनिवारी दिवस उगवायच्या आधी सटवाजीने पाल उचललं. मी गेलो तोवर घोड्यावर भांडी आणि गोधड्या लादून झाल्या होत्या. मेंढरं रिसोडच्या वाटेला लागली होती. शिवकन्याच्या खांद्यावर एक लंगडं कोकरू होतं.

"परीक्षेपुरतं तरी माझ्याकडे राहू दे," मी सटवाजीला म्हणालो. "माझं घर आहे, मोकळं आहे."

"न्हाई गुरुजी. कुणी तुमच्या घरावर दगड टाकला तर? आन् तिला कुणी काय बोललं तर म्या तिकडून काय करू?"

"मग कुठे बसणार ते सांगा. मी येऊन शिकवतो."

"कुठं बसनार ते आमालाच ठाऊक न्हाई."

मी तिच्या बरोबरीने ओढ्यापर्यंत चालत गेलो. ती मेंढरांना हाकत होती आणि माझ्याशीही बोलत होती.

"गुरुजी, म्या बोलले ते चूक होतं का?"

"नाही."

"विजय बोलला ते?"

"तेही नाही."

"काल म्या मंडपामागं उभी होते," ती म्हणाली. "शेळी शोधाया आले होते. त्येचा आवाज बंद केला तवा तुमी पुढंच बसलेले होता. तुमी काहून उठला न्हाई?"

पन्नास वर्षं लेकरांना उठून बोला म्हणत आलो. काल मला खुर्ची दिली होती आणि मी तिच्यावर बसून होतो. उठावं असं वाटलं होतं. मग वाटलं, मी उठलो तर मेंढरांचं उरलंसुरलंही बिघडेल. आणि घोषणा चालू होती.

 तिने कोकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पुढे निघालेल्या मेंढरांना अडवायला पळाली.

"व्हा मागं गुरुजी," सटवाजी ओढ्यापलीकडून म्हणाला. "ऊन व्हईल."